मोतद्दाराचे नाव

६ जून १९४३ रोजी तोक्योजवळच्या फुचू मैदानावर जपानची डर्बी झाली. घोडे सुटले तेव्हा कुरिफुजी नावाची घोडी मागे राहिली. तिच्या पाठीवर माएदा चोकिची हा वीस वर्षांचा जॉकी होता. अजून उमेदवारी करणारा, ओगाता तोकिची या नामवंत प्रशिक्षकाच्या तबेल्यात वाढलेला. २४०० मीटरच्या शर्यतीत सुरुवातीलाच हुकलेला घोडा सहसा पुन्हा हाती लागत नाही. कुरिफुजीने मात्र एकेकाला गाठत सगळ्यांना मागे टाकले आणि सहा घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने ती जिंकली. असे सांगतात की, शेवटच्या टप्प्यात माएदा सारखा मागे वळून पाहत होता. इतर घोडे गेले कुठे, हेच त्याला कळेना.

त्या वेळी जपान महायुद्धात पुरता बुडालेला होता आणि तरीही ही शर्यत झाली. याचे कारण तिच्या जन्मात आहे. १८९४-९५ मध्ये चीनशी, १९०० मध्ये बॉक्सर बंडाच्या वेळी आणि १९०४-०५ मध्ये रशियाशी लढताना जपानी सैन्याला आपले घोडे किती थिटे पडतात हे उमगले. १९०६ पासून सरकारने तीस वर्षांची अश्वसुधारणा योजना हाती घेतली. परदेशी वळू आणले, मैदानांवर शर्यती लावल्या. जुगाराचा बोभाटा झाला तेव्हा १९०८ मध्ये पैज लावण्यावर बंदी आली आणि शर्यतींना उतरती कळा लागली. १९२३ च्या कायद्याने त्यांना पुन्हा मान्यता मिळाली. त्यासाठी झटणाऱ्यांत यासुदा इझाएमोन हे मुख्य. त्यांच्याच आग्रहातून २४ एप्रिल १९३२ रोजी मेगुरो मैदानावर पहिली ‘तोक्यो यूशुन’, म्हणजेच जपानची डर्बी, धावली. नमुना अर्थात इंग्लंडच्या एप्सम डर्बीचा होता, जी १७८० मध्ये सुरू झाली. मेगुरोला वाकाताका जिंकला. त्याचा बाप तूर्नसोल इंग्लंडहून आणलेला वळू होता आणि अकरा वर्षांनी जिंकलेली कुरिफुजी त्याच तूर्नसोलची लेक. १९३४ मध्ये शर्यत फुचूला हलली आणि आजही ती तिथेच होते. १९४४ मध्ये ती प्रेक्षकांविना, केवळ घोड्यांची परीक्षा म्हणून घेतली गेली. १९४५ आणि १९४६ या दोन वर्षांत ती झाली नाही. १९४७ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि मग खंडली नाही.

कोल्हापुरात बसून हा इतिहास वाचताना १९४३ या सालाशी मी थबकतो. कारण आपल्याकडची डर्बीही त्याच सालची. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर १९४३ मध्ये पहिली इंडियन डर्बी झाली. महालक्ष्मीचे मैदान त्याआधी साठ वर्षे, १८८३ पासून होते, पण तिथल्या मानाच्या शर्यतींत विलायतेहून आणलेल्या घोड्यांचा वरचष्मा असे. युद्धामुळे जहाजे बंद झाली आणि इथेच जन्मलेल्या, इथेच वाढलेल्या घोड्यांकडे लक्ष गेले. अंतर तेच, २४०० मीटर. जिंकली तीही घोडीच. तिचे नाव प्रिन्सेस ब्यूटिफुल, मालक बडोद्याचे महाराज प्रतापसिंह गायकवाड आणि जॉकी ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. एकाच वर्षी, एकाच युद्धाच्या दोन विरुद्ध बाजूंना, दोन घोड्या आपापल्या देशाची डर्बी जिंकतात. या योगायोगातून अर्थ काढायला मी धजणार नाही. पण दोन्हीकडची माणसे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत, असे मात्र वाटते.

त्या वर्षी कोल्हापूर काय करत होते? राजाराम महाराज १९४० मध्ये वारले होते, गादीवर दत्तक घेतलेले अजाण बालक होते आणि कारभार रीजन्सीच्या हाती. शहराच्या पूर्वेला वळिवडे येथे पोलंडमधून परागंदा झालेल्या हजारो निर्वासितांची छावणी त्याच वर्षी उभी राहिली. आणि कोल्हापूर, सातारा, सांगलीच्या गावांतली माएदाच्याच वयाची पोरे मराठा पलटणींत भरती होऊन पूर्वेच्या आघाडीवर निघाली होती. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या संगशाकला चौथ्या मराठा बटालियनने जपानी फौजेचा लोंढा अंगावर घेतला. त्यातले बरेच जण परत आले नाहीत.

माएदाही परतला नाही. १९४४ मध्ये त्याला सैन्यात ओढले गेले आणि मांचुरियाला धाडले गेले. युद्ध संपले तेव्हा तो रशियनांच्या कैदेत सापडला आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये सैबेरियातल्या छावणीत तेविसाव्या वर्षी मेला. कुरिफुजी अकरा शर्यती धावली आणि अकराही जिंकली. तिची गणना जपानच्या सर्वश्रेष्ठ घोड्यांत होते, तिची वंशावळ छापील पुस्तकांत आहे. तिच्यावर बसलेल्या पोराच्या अस्थी मात्र साठ वर्षे परक्या मातीत होत्या. २००६ मध्ये डीएनए तपासणीवरून त्या त्याच्या आहेत हे ठरले आणि त्या हाचिनोहे येथे त्याच्या घरच्यांकडे आल्या. डर्बी जिंकणारा सर्वांत लहान वयाचा जॉकी हा जपानमधला मान आजही त्याच्याच नावावर आहे.

घोडदौडीच्या इतिहासात काय टिकते आणि काय गळते, याचा विचार मला या गोष्टीने करायला लावला. थरोब्रेड जातीच्या घोड्याइतकी चोख वंशावळ माणसांतही फार थोड्यांची असते. इंग्लंडमध्ये १७९१ पासून तिची वही ठेवली जाते. जगातल्या कुठल्याही थरोब्रेडचा बाप, बापाचा बाप, असे मागे मागे जात राहिले की तीनच वळूंपाशी पोचायला होते: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. ही तिन्ही नावे नीट पाहावीत. नावाचा पहिला शब्द मालकाचा आहे, दुसरा घोड्याच्या मुलखाचा. त्या घोड्यांना मैलोन्मैल चालवत, बोटीवर चढवत, आजारपणात रात्र रात्र उशाशी बसून इंग्लंडपर्यंत सुखरूप नेणारी माणसे होतीच. ती या नावांत कुठेही नाहीत. विजेत्यांच्या याद्याही जगभर याच साच्याच्या. घोडा, मालक, प्रशिक्षक, जॉकी. चार रकाने भरले की यादी पुरी होते. जॉकीला तरी त्यात जागा आहे. आपल्याकडे पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे ही मराठी नावे घोडदौडीच्या शौकिनांच्या तोंडी राहिली, ती त्या रकान्यामुळेच. तबेल्यातल्या माणसाला रकानाच नाही.

आपल्या मुलखात याहून वेगळे घडले, असे म्हणता येत नाही. मराठ्यांचे राज्य घोड्याच्या पाठीवर उभे राहिले. भीमथडीची काटक, बुटकी तट्टे घाट चढत आणि मिळेल त्या वैरणीवर दौड करत. स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतल्या घोड्यावर स्वार होणारा तो बारगीर, हा फरक शाळेतल्या मुलालाही माहीत असतो. बखरींत सरदारांची नावे ओळीने येतात. पागेत चंदी भिजवणाऱ्याचे नाव शोधून पाहा.

त्याचे, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराचे, काम किती असते, याची कल्पना तबेला न पाहिलेल्या माणसाला येणार नाही. अंधारात उठून लीद काढायची, ओली झालेली जमीन कोरडी करायची, अगाडी-पिछाडी सोडून घोड्याला फिरवून आणायचे. मग खरारा. मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत, केसाच्या वळणाने, हाताला रग लागेपर्यंत. पायाचे खूर उचलून त्यात खडा रुतला नाही ना, नाल सैल झाली नाही ना, हे पाहायचे. गुडघ्याखाली नळीवर तळवा ठेवून ऊब जाणवते का ते बघायचे. उद्या लंगडणारा घोडा आज या उबेतून कळतो आणि तो सगळ्यात आधी मोतद्दाराला कळतो. तोबऱ्यात चंदी किती उरली यावरून त्याला घोड्याची तब्येत समजते. मालक घोडा पाहायला येतो, जॉकी सरावापुरता बसतो, प्रशिक्षकाच्या हाताखाली अनेक घोडे असतात. दिवसरात्र घोड्याच्या श्वासाजवळ असतो तो हा माणूस. घोडाही त्यालाच ओळखतो.

कोल्हापूरच्या घोड्यांचा इतिहास लिहायचा झाला तर तो या माणसापासून सुरू करता येतो, हे या शहराचे भाग्य आहे. इथे संभाजीनगराकडे रेसकोर्स नाका आहे, दररोज शेकडो माणसे ते नाव घेऊन रिक्षात बसतात. कावळा नाक्यावर रवींद्र मेस्त्रींनी घडवलेल्या पुतळ्यात ताराराणींचा घोडा मागच्या दोन पायांवर तोललेला आहे. राजर्षी शाहू महाराजांचा घोड्यांचा नाद सर्वश्रुत आहे. नव्या घोड्यांना वळण लावण्यासाठी त्यांनी स्प्रिंगा नसलेली एक दणकट गाडी ठेवली होती. तिच्या आवाजामुळे लोक तिला खडखडा म्हणत. महाराज स्वतः ती हाकत. असे सारे असले तरी कोल्हापूरच्या पागेतले सर्वांत मोठे नाव घोड्याचे नाही आणि घोडेस्वाराचेही नाही. ते आहे गंगाराम कांबळे या मोतद्दाराचे.

गोष्ट कोल्हापुरात अनेकांना ठाऊक आहे, तरी ती पागेच्या बाजूने पाहावी. गंगाराम महार समाजातले. घोड्याला खरारा करायला, त्याच्या तोंडाशी तोबरा धरायला त्यांचे हात चालत. त्याच पागेतल्या पाण्याच्या हौदाला मात्र ते हात लागता कामा नयेत, कारण तो हौद मराठ्यांचा. गंगाराम यांनी त्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना गुरासारखे बडवण्यात आले. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परतल्यावर सोनतळीला गंगाराम त्यांच्यापुढे उभे राहिले आणि पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्याला शिक्षा केली आणि गंगारामांना चाकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंदा करायला सांगितले. गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. त्यांच्या हातचा चहा प्यायला कोण जाणार? मग खडखडा त्या दारात थांबू लागला. महाराज चहा मागवत, स्वतः पीत आणि सोबतच्या उच्चवर्णीयांनाही पाजत.

हा प्रसंग समतेच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो आणि सांगितलाच पाहिजे. मला त्यात घोड्यांच्या इतिहासाचाही एक निर्णायक क्षण दिसतो. घोड्यांना वळण लावणारी गाडी त्या दिवशी माणसांना वळण लावायला थांबली. महाराजांना पागेत राबणाऱ्या माणसाचे नाव माहीत होते, त्याचे गाऱ्हाणे माहीत होते, आणि त्याची जागा कुठे असायला हवी याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. महार समाजातल्या माणसांना त्यांनी माहूत आणि कोचमन नेमले, तेही याच भूमिकेतून. पुढे १९२२ मध्ये महाराज गेल्यावर नर्सरी बागेत त्यांचे पहिले स्मारक उभारायला पुढाकार घेतला तो याच गंगाराम कांबळ्यांनी. राजाची आठवण मोतद्दाराने दगडात कोरून ठेवली. एप्सम, फुचू, महालक्ष्मी यांच्या इतिहासात याच्या तोडीचे पान मला आढळले नाही.

नावे गळण्याची आणखी एक कथा घोड्यांशीच जोडलेली आहे. १८९० मध्ये बर्लिनमध्ये बेरिंग आणि जपानचा कितासातो शिबासाबुरो यांनी धनुर्वात आणि घटसर्पावर रक्तातूनच प्रतिविष मिळते हे दाखवले. १९०१ मध्ये वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल बेरिंगला मिळाले, कितासातोला नाही. पुढे हे प्रतिविष मोठ्या प्रमाणावर घोड्यांच्या रक्तातून काढले जाऊ लागले. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. त्यातूनच सायरस पूनावाला यांना स्वतः लस करण्याची कल्पना सुचली आणि १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट निघाली. ज्या घोड्यांच्या रक्ताने आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतली कितीतरी माणसे धनुर्वातातून वाचली, त्यांतल्या एकाचेही नाव कुणाच्या ओठी नाही.

जपान आणि आपण मैदानावर समोरासमोर आलो ते १९८१ मध्ये. त्या वर्षी जपानने परदेशी घोड्यांना निमंत्रण देऊन ‘जपान कप’ सुरू केला, फुचूलाच, त्याच २४०० मीटरवर. भारतातून ‘ओन ओपिनियन’ हा घोडा गेला. १९६४ चा तिहेरी मुकुट जिंकणाऱ्या जपानी घोड्याच्या नावावरून त्याची ओळख ‘भारताचा शिंझान’ अशी करून दिली गेली. तो मागच्या घोळक्यातच राहिला. जिंकली अमेरिकेची मेअरझी डोट्स ही घोडी. जपान्यांचा स्वतःचा सर्वोत्तम घोडा पाचवा आला. घरच्या मैदानावर झालेली ही हार त्यांच्या फार जिव्हारी लागली. तीनच वर्षांनी कात्सुरागी एस हा पहिला जपानी घोडा तो कप जिंकला. १९९० मध्ये त्यांनी अमेरिकेतून संडे सायलेन्स हा केंटकी डर्बीचा विजेता वळू विकत घेतला, आणि त्याच्या वंशाने जपानी घोड्यांचे रूपच पालटले. त्याचा मुलगा डीप इम्पॅक्ट २००५ मध्ये तिहेरी मुकुटाचा मानकरी ठरला. मार्च २०११ मध्ये सुनामीनंतर पंधरा-सोळा दिवसांत व्हिक्त्वार पिसा दुबई वर्ल्ड कप जिंकला. २०१८ च्या जपान कपमध्ये आमंड आय या घोडीने २४०० मीटर २ मिनिटे २०.६ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला. आपली डर्बी या काळात महालक्ष्मीवर होत राहिली, पण तिच्या विजेत्यांचा असा जागतिक दबदबा निर्माण झाला नाही.

याची कारणे पैसा, जमीन, कर, हवामान अशी पुष्कळ सांगता येतील, आणि जाणकार ती सांगतातही. मला यादीतली एकच गोष्ट पुढे ठेवायची आहे, कारण तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. जपानच्या मुख्य घोडदौडींत बक्षिसाच्या रकमेचे वाटप ठरलेले आहे. ८० टक्के मालकाला, १० टक्के प्रशिक्षकाला, ५ टक्के जॉकीला आणि ५ टक्के घोड्याची देखभाल करणाऱ्या तबेल्यातल्या माणसाला. जॉकीच्या बरोबरीने. दोन-अडीच मिनिटे पाठीवर बसणाऱ्याचा आणि वर्षभर पायाशी बसणाऱ्याचा वाटा सारखा. ज्या देशाने माएदा चोकिचीच्या अस्थी साठ वर्षांनी ओळखून घरी आणल्या, त्याच देशात हा नियम आहे. या दोन गोष्टींना मी वेगळे मानत नाही.

आपल्या गावच्या माळांवर आता शर्यतींचे दिवस पुन्हा आले आहेत. बैलगाडी शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये ती सशर्त उठली आणि मे २०२३ च्या निकालाने कायद्यावर शिक्कामोर्तब झाले. कोल्हापूर-सांगलीकडच्या शर्यतींत बैलगाड्यांबरोबर घोडागाड्याही पळतात, सुटे घोडेही पळतात. नऊ वर्षे चाललेल्या त्या वादात मुक्या जनावरांचे हाल आणि शेतकऱ्याची परंपरा या दोहोंवर खल झाला आणि तो व्हायलाच हवा होता. जनावर सांभाळणाऱ्या गड्याची बाजू कोणी मांडल्याचे माझ्या वाचनात नाही. जनावराचे हाल होतात की नाही हे ज्याला सर्वांत आधी कळते, तो हाच.

मागच्या हंगामात एका माळावर घोडागाडीची शर्यत संपल्यावर गुलालाची पोती फुटली. मालकाला खांद्यावर घेतले, गाडी हाकणाऱ्याला फेटा बांधला, माईकवरून दोघांची आणि घोड्याचीही नावे पुकारली. घोडा तेव्हा गर्दीत नव्हता. बाभळीच्या सावलीच्या कडेने एक मध्यम वयाचा माणूस त्याला संथ चालवत नेत होता. घोड्याच्या नाकपुड्या फुललेल्या, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. ओल्या फडक्याने त्याने आधी नाक-तोंड पुसले, मग मान, मग पुढच्या पायांच्या मधली छाती. थोडे चालवायचा, थांबवायचा, कानाशी काहीतरी बोलायचा. घोटभर पाणी पाजून बादली बाजूला करायचा, कारण तापलेल्या घोड्याला एकदम पोटभर पाणी देत नाहीत. खाली बसून त्याने चारही नळ्यांवरून हात फिरवला आणि डाव्या पुढच्या पायावर तळवा जरा जास्त वेळ ठेवला. मी नाव विचारले तर त्याने घोड्याचे नाव सांगितले.

म्हणून करवीर, हातकणंगले, शिरोळ, कागलकडच्या शर्यत कमिट्यांना आणि घोडे बाळगणाऱ्या मालकांना माझे सांगणे आहे. पुढच्या शर्यतीची पत्रिका छापाल तेव्हा घोड्याच्या नावाखाली त्याला सांभाळणाऱ्या माणसाचे पूर्ण नाव, गावासकट, छापा. इनाम देताना माईकवरून ते पुकारा. आणि इनामातले शंभरातले पाच रुपये मालकाच्या हातून नको, थेट त्याच्या हातात द्या.